बावन्नाव्या वर्षी टॅली

राधाकिशन सचिवाच्या अक्षराचं आधी सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. निमझरीच्या दूध संस्थेची रोजकीर्द सत्तावीस वर्षं त्या एका माणसानं लिहिली. खाडाखोड औषधालाही सापडायची नाही. तपासणीला आलेले साहेब चहा गार होईस्तोवर नुसती पानं उलटत बसायचे आणि जाताना सचिवाला नमस्कार करून जायचे. आणि हा बाबा त्यावर एवढंच म्हणायचा, "काय न्हाई, सवय हाय."

दोन हजार सोळाचा जानेवारी उजाडला तेव्हा आष्टी तालुक्यात लागोपाठ दुसरं साल कोरडं गेलेलं होतं. दावणी रिकाम्या झाल्या होत्या. ज्या संस्थेत सकाळी आठशे लिटर दूध यायचं तिथं दीडशे यायला लागलं. अशात एके दिवशी अर्जुनराव चेअरमन ऑफिसात येऊन बसले आणि टोपी टेबलावर ठेवून म्हणाले, "राधाकिशन, तपासणीवाले म्हणतेत, औंदापासून हिशोब कॉम्प्युटरवर पायजेत. माणूस ठेवायला पैसा न्हाई आपल्याकडं. दूध बी न्हाई. चैताच्या सभेत संस्था बंद करू अन् तालुक्याच्या मोठ्या दूध संस्थेत मिळवून टाकू. झंझट मिटंल."

अर्जुनराव माणूस वाईट नव्हता. थकला होता. पण त्या मोठ्या संस्थेची गाडी एका घरचं दहा लिटरच्या खाली दूध घ्यायची नाही, हे दोघांनाही माहीत होतं. निमझरीत शंभरावर घरं अशी, की ज्यांचं दूध लिटर, दीड लिटर. त्यातली एक बायनाबाई. पदरात कुणी नाही, दारात एक गाय. संस्था उघडली त्या पहिल्या सकाळपासून ती किटली घेऊन यायची आणि त्यावरच तिचं मीठमिरची चालायचं. संस्था गेली की ही सगळी घरं वाऱ्यावर.

"मी शिकतो कॉम्प्युटर," राधाकिशन म्हणाला.

अर्जुनराव हसले नाहीत, पण बाकी सगळं गाव हसलं. घरी सत्यभामाबाईंनी तर कपाळाला हात लावला. "अहो, मोबाईलवरून फोन लावायचा तर शेजारच्याला हाक मारता तुमी! अन् बावन्नाव्या वर्षी कॉम्प्युटर?" पण दुसऱ्या दिवशी जीपला जाताना त्यांनीच धुतलेला सदरा काढून दिला.

आता बघा हं, इथं माणसाची अक्कल कळते. क्लास निवडायचा म्हणजे आपण काय करतो? फी विचारतो, बोर्ड वाचतो, शेजाऱ्याचा पोरगा कुठं गेलता ते बघतो. राधाकिशननं काय केलं, तर चालू सालाची कीर्द प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळली, काखेत मारली आणि आष्टी गाठली. ज्या क्लासात जाईल तिथं एक पान उघडायचं आणि एकच प्रश्न विचारायचा: हे पान तुमच्या मशीनीत कसं चढतं?

पहिला क्लास बसस्टँडजवळ. तिथलं सर्टिफिकेट सरकारी नोकरीला चालतं, टायपिंग, इंटरनेट, सगळं शिकवतात. चांगलं होतं, पण पान बघून तिथला माणूस म्हणाला, "काका, हिशोब आमच्या कोर्सात नाही. आणि तुम्हाला कशाला हवंय? मुलाला पाठवा." दुसऱ्या ठिकाणी काचेचं दार होतं. सहा महिन्यांचा डिप्लोमा, त्याचं नाव एका दमात म्हणता यायचं नाही एवढं लांब, आणि फी अठरा हजार. तिथल्या बाईंनी कॉम्प्युटरच्या आधी सोनेरी शिक्क्याचं सर्टिफिकेट दाखवलं. कीर्दीकडं नजर टाकून म्हणाल्या, "हे आता जुनं झालं." राधाकिशननं पिशवी बांधली. वाईट वाटलं त्याला, लपवायचं कशाला! सत्तावीस वर्षांचं काम एका शब्दात जुनं झालं म्हणजे काय?

तिसरा क्लास बाजारपेठेत, रुद्रप्पांच्या किराणा दुकानाच्या माडीवर. रुद्रप्पांचा मुलगा वैजिनाथ तिथं टॅली आणि एक्सेल शिकवायचा. चार मशीनी, त्यातली एक बंद. वैजिनाथनं पान घेतलं, उजेडाकडं धरलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "काका, अक्षर काय हो तुमचं! पण मला हे उलटं दिसतंय. आधी तुम्ही मला हे पान शिकवा, मग मी तुम्हाला टॅली शिकवतो." राधाकिशननं तिथल्या तिथं पैसे मोजले. तीन महिने, शेवटी परीक्षा.

मग सुरू झाली धावपळ. पहाटे दूध घ्यायचं, दहाच्या जीपनं आष्टी, संध्याकाळच्या दुधाला परत. वर्गातली पोरं-पोरी त्याच्या लेकरांच्या वयाची. पहिल्या दिवशी त्यानं माऊस हवेत उचलून धरला तेव्हा सगळी खुदखुदली. पण हा प्रत्येक गोष्ट वहीत उतरवून घ्यायचा, कुठली कळ दाबली की काय होतं ते, त्याच त्या मोत्यासारख्या अक्षरात. महिना झाला नाही तोच परीक्षेसाठी सगळ्या वर्गानं त्याच्या वहीची झेरॉक्स काढून घेतली.

गडबड झाली ती जानेवारीची कीर्द चढवताना. आपल्या देशी कीर्दीत कसं असतं, डावीकडं जमा, उजवीकडं नावे. आलेला पैसा जमा, गेलेला नावे. राधाकिशनचा सत्तावीस वर्षांचा हात तसाच वळलेला. आणि ही मशीन आलेल्या पैशाला रोख खात्यावर डेबिट म्हणायला लागली. डेबिट म्हणजे नावे! "आलेला पैसा नावे कावून?" तो मनाशीच पुटपुटला. त्याला वाटलं, मशीनीत कुणीतरी उलटसुलट करून ठेवलंय. वैजिनाथला वाईट वाटू नये म्हणून तो काही बोललाच नाही. गुपचूप तीन दिवस जी नोंद येईल ती पलटून टाकत राहिला. तिसऱ्या दिवशी शिल्लक काढायची कळ दाबली आणि पडद्यावर काय यावं? पेटीत उणे एक्केचाळीस हजार.

आयुष्यात कधी चार आणे कमी आले नव्हते, आणि ही मशीन सगळ्या वर्गासमोर त्याला चोर ठरवत होती. वैजिनाथ धावत आला, त्यानं पाहिलं आणि पोट धरधरून हसला. हसण्याचा आवाज ऐकून खालून रुद्रप्पा जिना चढून आले. सत्तरीचा माणूस, जन्मभर वहीखातं लिहिलेला. त्यांना सगळा प्रकार एका नजरेत कळला.

"सचिव साहेब, हितं बसा," रुद्रप्पा म्हणाले. "आपली कीर्द माणसाकडून बोलती. समजा, बंकटनं शंभर दिले, तर बंकटचे शंभर जमा. आपण पेटीचं खातं लिहीतच न्हाई, नुसती शिल्लक काढतो. बरूबर?"

"बरूबर."

"ह्या मशीनीत पेटी बी एक माणूसच हाय. बंकटचे शंभर कुणी घेतले? पेटीनं. मग देणं कोण लागतं? पेटी. म्हणून पेटीच्या नावे."

राधाकिशन त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिला. पेटीही देणं लागते! जे जे कुणाकडून आलं ते कुणाच्या तरी नावे पडणारच, एक पैसाही आभाळातून पडत नाही. एवढी साधी गोष्ट, आणि त्यानं सत्तावीस वर्षं पेटीला माणसात धरलंच नव्हतं. परतीच्या जीपमध्ये तो वेड्यासारखा हसत होता. शेजारच्यानं विचारलं, काय झालं, तर म्हणाला, "काय सांगू बाबा, लई डोकं लावलंय कुणीतरी."

नोंदी सरळ केल्या, मागच्या एप्रिलपासून डिसेंबरपर्यंतच्याही चढवल्या. मग वैजिनाथ म्हणाला, "काका, आता ही कळ दाबा." दाबली. पापणी लवायच्या आत ताळेबंद पुढ्यात! ज्या ताळेबंदासाठी दर मार्चअखेरीला तो अकरा-अकरा दिवस घरादाराला तोंड दाखवायचा नाही, तो हा. दोन्ही बाजू पैशाला पैसा जुळलेल्या. राधाकिशन खुर्चीवरून उठला आणि त्यानं पडद्याला हात जोडले. वर्गातलं कुणी हसलं नाही.

शेवटचा महिना एक्सेलचा. सरावासाठी वैजिनाथ खोटे आकडे द्यायचा. राधाकिशन म्हणाला, "खोटे कशाला? माझ्याकडं खरे हायत." दुसऱ्या दिवसापासून तो पत्र्याच्या पेटीतली दूध संकलनाची जुनी रजिस्टरं घेऊन यायला लागला. एकोणनव्वद सालापासून दर महिन्याला किती लिटर दूध आलं, तो एकेक आकडा. तीनशेच्या वर आकडे, आठ दिवस लागले. मग वैजिनाथनं सगळे निवडायला सांगितले आणि एक बटण दाखवलं.

पडद्यावर एक रेघ उमटली. डावीकडून निघाली, वर चढली, खाली कोसळली, पुन्हा चढली.

राधाकिशनला आधी काही सुधरलंच नाही. मग त्यानं बोट टेकवलं. हा खड्डा त्र्याण्णवचा. हा दोन हजार तीनचा. हा तेराचा, चारा छावणीत जनावरं होती तेव्हाचा. आणि उजव्या टोकाला हा आत्ताचा. प्रत्येक खड्ड्यानंतर रेघ वर आलेली, कधी एकाच पावसाळ्यात, कधी दोन-तीन, आणि दर वेळी आधीपेक्षा जरा उंच. यातला प्रत्येक आकडा त्यानं स्वतःच्या हातानं लिहिला होता, आणि हे एकदाही पाहिलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्या दिवशी जीप चुकली आणि संध्याकाळचं दूध सत्यभामाबाईंनी मापलं.

परीक्षेत त्याला अठ्ठ्याहत्तर गुण पडले. सभेआधी सर्टिफिकेट अर्जुनरावांपुढं ठेवलं तर ते म्हणाले, "नाव काढलंस गड्या. मशीनीचा प्रश्न मिटला. पण दूध कुठंय? काल एकाहत्तर लिटर आलं. एकाहत्तर लिटरवर संस्था चालती का बे?" आणि खरंच, याला उत्तर कुठल्या कोर्सात नव्हतं.

चैत्रातली सभा देवळापुढच्या मंडपात भरली. अर्जुनरावांनी बंद करायचा ठराव वाचला. लोक खाली माना घालून ऐकत होते. विरोध तरी कशाच्या जोरावर करायचा? तेव्हा राधाकिशन उठला. वैजिनाथनं ती रेघ नऊ कागदांवर छापून, चिकटवून लांबलचक पट्टी करून दिली होती. मंडपातल्या दोघांनी टोकं धरली.

"ही आपली डेअरी," राधाकिशन म्हणाला. "पयल्या दिवसापासून."

लोक उठून जवळ आले. आधी कुजबूज झाली, मग एकेक जण बोट लावायला लागला. "हे आमी म्हशी विकल्या ते साल." "हितं माझं लगीन झालं." "हा खड्डा, तवा टँकरमागं पळायचो बघ." बघता बघता सगळं गाव त्या पट्टीवर येऊन उभं राहिलं. इतक्यांदा आपण बुडालो आणि इतक्यांदा वर आलो, हे कुणाच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

अर्जुनराव पुढं आले. कागदाच्या टोकाशी बोट नेऊन त्यांनी विचारलं, "ह्याच्या पुढं रेघ कुठं जाईल?"

राधाकिशन खोटं बोलला असता तर चाललं असतं. पण ते त्याच्या रक्तात नव्हतं. "ते मशीनीला ठाव न्हाई चेअरमन. मला बी न्हाई."

बायनाबाई मागून पुढं घुसली. "ऱ्हाऊ दे ते. उद्या सकाळी माझं दूध घेणार का न्हाई, तेवढं सांग बाबा."

"तुमी सगळ्यांनी हात वर केले तर घेईन."

पहिला हात तिचा गेला. मग बायकांचे, मग पुरुषांचे. मग अर्जुनरावांनी हातातला ठराव दुमडून खिशात घातला आणि आपलाही हात वर केला.

दुसऱ्या दिवशी राधाकिशन नेहमीसारखा मापं घेऊन बसला. दूध झालं, बेरीज मारली, तर सत्त्याण्णव लिटर. त्यानं पुन्हा मोजलं. पुन्हा सत्त्याण्णव. सभेआधीच्या एकाहत्तरापेक्षा सव्वीस लिटर जास्त! पाऊस नाही, चारा नाही, कुणाची गाय व्यालेली नाही. हे आलं कुठून? त्याला काही उलगडेना. कोड्यात पडलेला तसाच तो घरी आला आणि ओट्यावर टेकला. सत्यभामाबाईंनी कप पुढं ठेवला. चहा कोरा होता.

"दूध संपलं का?" त्यानं विचारलं.

"डेअरीत घातलं," त्या म्हणाल्या. "आज गावात सगळ्यांच्याच घरी कोरा हाय. प्या गुमान."