पाटी धरणारी पिल-सुन

लग्न होऊन बुकचोन या जुन्या वस्तीतल्या चढावरच्या गल्लीत आलेली मा पिल-सुन तिथलीच होऊन गेली. पुढे नवरा वारला, मुलगा दूर छांगवॉनच्या कारखान्यात लागला आणि तिकडेच संसार थाटून राहिला. शेजारची कौलारू घरं एकेक करून विकली गेली आणि तिथे प्रवासी उतरू लागले. सत्तरी उलटल्यावर तिला काम मिळालं तेही गल्लीतच. पिवळं जाकीट घालायचं, हातात 'शांतता राखा'ची पाटी धरायची आणि परदेशातून जुनी वस्ती बघायला आलेल्यांना गप्प करायचं. पाच वाजले की सगळ्यांना खाली पिटाळायचं.

"ताई, कडक सासू शोभता तुम्ही," जोडीचा ग्वाक चिडवायचा.

"सून इकडे येते कुठे? शोभायचं कुणापुढे?"

त्या शरदात एक बाई एकटीच वर आली. साधारण तिच्याच वयाची, टोपी घातलेली. फोटो काढत नव्हती. भिंतीच्या दगडांवरून हात फिरवायची, दाराच्या कड्या निरखायची, मान वाकडी करून वळचणीकडे बघत राहायची. पिल-सुनच्या घराशी आली आणि फटीतून आत डोकावली.

"पाच वाजले. हाकला तिला," ग्वाक म्हणाला.

"तुम्ही व्हा पुढे. मी बघते."

तो खाली उतरल्यावर पिल-सुननं दार उघडलं आणि हातानंच 'या' म्हटलं. बाईनं बूट काढून जोडीनं नीट लावले. ते पिल-सुनला आवडलं. तिनं कणीक लाटून शेवया कापल्या, गरम रश्शात सोडल्या. किमचीचं तिखट लोणचं तोंडात घालताच बाईच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"सावकाश. कुणी पळवून नेत नाही."

बाईनं तुळईकडे बोट दाखवून आपल्या भाषेत काहीतरी विचारलं.

"सासऱ्यांनी बसवली ती. भारी तिरसट माणूस."

बाईनं गंभीरपणे मान हलवली. मग पिल-सुन बोलतच सुटली. शेवटी शेवटी नवऱ्याच्या घशाखाली पेजसुद्धा उतरत नव्हती, हे तिनं मुलालाही सांगितलं नव्हतं. बाईही काही सांगू लागली, मध्येच थांबली, बाहीनं डोळे पुसले. एकमेकींचं अक्षरही कळत नसताना आपण इतका वेळ बोलतोय, हे दोघींच्या एकदमच ध्यानात आलं, आणि त्या हसत सुटल्या.

शेजारच्या निवासाचा चालक दारात आला. "आजी, आमच्या पाहुण्यांना त्रास होतोय. आणि पाचनंतर ही इथे कशी?"

सूर ओळखून बाई उठली. पिल-सुनचे हात क्षणभर धरले आणि उतार उतरून गेली. नाव विचारायचं राहूनच गेलं.

दोन दिवसांनी कामावरच्या साहेबांनी बोलावलं. "आजी, नियम सांगणार तुम्ही, आणि मोडणारही तुम्हीच?"

"माझ्या घरी आली होती ती."

"कळतं मला. पण तक्रार आलीय."

तिची जागा बदलली. आता ती खाली बसथांब्याजवळच्या वळणावर उभी राहते. तिथे एवढी गर्दी की पाटीकडे कुणी बघतही नाही. बरेच दिवस ती टोपीखालचे चेहरे न्याहाळायची. मग तेही सोडून दिलं.

रविवारी मुलाचा फोन आला. "नवीन जागा कशी आहे, आई?"

"बरी आहे. माणसं पुष्कळ असतात."

"मग छान. करमत असेल."

"हो," ती म्हणाली, आणि नातवाचा खोकला थांबला का, ते विचारलं.