हात वर केला म्हणून

शिर्डीत माझं हारफुलांचं दुकान आहे. मुलगी नववीत असताना तिच्या शाळेत मनाच्या आरोग्यावर व्याख्यान झालं. पाहुण्यांनी विचारलं, "सारखं रडू कुणाला येतं? हात वर करा." भरल्या सभागृहात एकट्या माझ्या मुलीने हात वर केला. पाहुण्यांनी तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या, शाल-नारळ घेतला आणि गेले.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. मुलगी ऑफिसबाहेर मान खाली घालून उभी होती.

"हिला काही दिवस घरीच ठेवा. बाकीच्या मुलींवर परिणाम होतो," ते म्हणाले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "खरं बोलली म्हणून घरी बसवायची? मग विचारलंत कशाला, सर?"

ते फाइल चाळत राहिले.

मी दुकान बंद ठेवलं आणि तिला तिथूनच एसटीने नगरला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. माझ्याशी महिनाभर धड न बोललेली पोर त्यांच्याशी तासभर बोलली. औषधं चालू आहेत, आता ती पोटभर जेवते, बहिणीशी भांडतेसुद्धा.

शाळा मात्र बदलली. दाखला मागितला, तर तासाभरात हातात ठेवला. एरवी त्याच दाखल्यासाठी ते लोकांना आठवडाभर हेलपाटे घालायला लावतात.