पौर्णिमेची ओहोटी

भरती-ओहोटीचा धडा मी नाशिकच्या शाळेत चौदा वर्षं शिकवला, आणि तोवर समुद्र बघितलेला नव्हता. आता आठवलं की स्वतःचीच किळस येते. फळ्यावर सूर्य, चंद्र, पृथ्वी एका रेषेत काढायचे आणि लिहून द्यायचं की पौर्णिमा-अमावास्येला दोघांची ओढ एकत्र होते, म्हणून उधाणाची भरती येते. दोन गुणांचा प्रश्न. पोरं घोकायची, मी बरोबरच्या खुणा करत सुटायचे.

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा आईच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेलीही काही महिन्यांचीच, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. नांदगावकडच्या कोरड्या रानात जन्म काढलेली बाई. कधी कुणाकडे काही मागितलं नाही. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना म्हणाली, दिसतंय तोवर एकदा समुद्राच्या लाटा बघायच्यात.

वडील नव्हते, म्हणून घरात शब्द मोठ्या काकांचा. काका ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि तेव्हापासून सगळ्या जगाचे फोरमन झाले. जीप त्यांनी ठरवली, दिवसही त्यांनीच ठरवला. पौर्णिमेला समुद्र तुडुंब असतो, विचार तुझ्या मास्तरीणबाईला, असं आईला ऐकवलं. मास्तरीणबाईंनी मान डोलावली. पाणी किती वाजता येतं, हे काही मला सुचलं नाही.

सकाळी निघालो. त्र्यंबकला मिसळ, जव्हारला काकांच्या ओळखीच्यांकडे जेवण. जेवून काका आडवे झाले आणि घोरायला लागले. आई सारखी विचारायची, निघायचं का? मी म्हणायचे, उठू देत गं त्यांना. डहाणूच्या अलीकडे एका गावच्या किनाऱ्यावर पोचलो तेव्हा साडेपाच वाजले होते.

समुद्र जागेवर नव्हता. नजर जाईल तिथवर काळा चिखल, त्यात प्लास्टिकच्या पिशव्या, कुजलेलं निर्माल्य, माशांची आतडी, आणि गावाने करून ठेवलेली घाण. पाणी म्हणजे पार लांब एक राखाडी रेघ, तीही मला डोळे बारीक करून दिसली. आई हात पुढे धरून चालत सुटली आणि तिचा पाय नको त्यात पडला. मी खाली बसून तो पदराने पुसला. काका रस्त्यावरच उभे होते, नाकाला रुमाल लावून. त्या रुमालाचा मला त्या घाणीपेक्षा जास्त राग आला.

सुकी मासळी गोळा करणाऱ्या एका कोळणीला विचारलं. ती हसलीच. पुनवेचं पाणी दुपारी बाराला येऊन गेलं, आता सुकती आहे, म्हणाली. सुकती म्हणजे ओहोटी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे त्यांच्याकडे पोराटोरांनाही माहीत.

"पंधरा पाऊण सव्वाअकरा," आई लगेच पुटपुटली. ती चौथी शिकलेली, पण पाऊणकी पाठ होती.

सव्वाअकरा, फार तर बारा. तेव्हा आम्ही जव्हारला पानावर बसत होतो. पाणी एकीकडे जास्त चढलं तर दुसरीकडून तितकंच ओढलं जाणार, म्हणून उधाणाच्या दिवशीच ते सगळ्यात लांब ओसरतं. हे वाक्यही पुस्तकात होतं. त्यावर प्रश्न येत नसे, म्हणून मी ते गाळायचे. थू माझ्या शिकवण्यावर!

मी काकांना म्हटलं, आज गावात राहू, उद्या साडेबाराच्या सुमाराला पाणी पुन्हा इथवर येईल. त्यांना सकाळी सोसायटीची मीटिंग होती. शिवाय समुद्र तो समुद्र, जवळ काय नि लांब काय, असं म्हणून त्यांनी नाकाने कांदे सोलले. वर आईकडे वळून म्हणाले, "समोर तर आहे. दिसत नाही का तुला?"

आईने डोक्यावरचा पदर सारखा केला. "दिसला की, भाऊजी. लय मोठ्या लाटा हायत. चला आता."

"बघ," काका मला म्हणाले. त्यांचा चेहरा खुलला होता.

जीप निघाली. काका पुढे बसून ड्रायव्हरला चंद्राची ओढ समजावून सांगत होते. आई माझ्या कानाशी आली आणि अगदी हळू म्हणाली, "पाणी कोन्या अंगाला होतं गं?"

मी तिचा हात धरून पश्चिमेकडे वळवला. आणि तेव्हाही, जीप थांबवा, असं माझ्या तोंडून निघालं नाही.