पदर खोचलेली गुढी

दिल्लीत कुठं राहता, असं कुणी विचारलं की आमचे हे "अजमेरी दरवाजाच्या आत" एवढंच म्हणायचे. ऐकणारा मराठी असला की त्याचा चेहरा उतरायचा. "आत?" म्हणायचा. ह्यांच्या ऑफिसातली आपली मंडळी करोलबागेत, नाहीतर सरकारी क्वार्टरांत राहणारी. शहाजहानच्या शहरात, म्हणजे जुन्या दिल्लीत, भाड्यानं राहणारे आम्हीच. पण बघा, भाडं इतकं कमी, की कारकुनाच्या पगारातून घरी पाठवायला चार पैसे उरायचे. आणि दरवाजातून बाहेर पडून हे चालत कनॉट प्लेसला ऑफिसात पोचायचे. बसची कटकट नाही.

जुन्या हवेलीच्या खोल्या पाडून भाडेकरू ठेवलेले. आमच्या वाट्याला अगदी वरच्या दोन, म्हणजे गच्ची आमची. जिना असा अरुंद, की गहू घेऊन येणारा हमाल आडवा होऊन चढायचा. खाली गल्लीत दुपारीही दिवा लागे. आणि वर आलं की, अहो काय सांगू, एकदम आभाळच! एकीकडे जामा मशिदीचे घुमट, जवळ इतके की हात लावावा. सगळीकडे गच्च्याच गच्च्या, एकीला एक चिकटलेल्या. लग्न होऊन आले तेव्हा पहिले कितीतरी दिवस मी वाळत घालायला म्हणून जायची आणि पिळा हातात धरून तशीच उभी राहायची.

तिथं एक रीत होती. गच्चीवर पुरुषमाणूस चढणार असला की जिन्यातूनच ओरडायचा, "परदा कर लो! परदा कर लो जी!" म्हणजे आजूबाजूच्या गच्चीवरच्या बायकांनी आडोशाला व्हावं. आणि कुणी झालीच नाही, तर तो स्वतः पाठ फिरवून उभा राहायचा. मला आधी वाटलं, काहीतरी विकायला आलाय!

आमच्या भिंतीला लागून एका म्हाताऱ्या मियाँजींची गच्ची. त्यांच्याकडे कबुतरं. पांढरी, निळी, तांबूस मानेची. उंच बांबूवर जाळीची एक छत्री, त्यावर ती उतरायची. रोज सकाळी मियाँजी ती सोडायचे आणि थवा असा काही वळायचा, की एका क्षणी सगळा काळा आणि दुसऱ्या क्षणी सगळा चांदीचा. स्वयंपाक राहायचा माझा.

त्या वर्षी पाडव्याला सासूबाई साताऱ्याहून आलेल्या. पहिल्यांदाच. जिना चढून आल्या, धापा टाकत बसल्या आणि म्हणाल्या, "हे घर आहे का घुशीचं बीळ? क्वार्टरचा अर्ज टाक म्हणावं त्याला." चार दिवस हेच. गच्चीवर मात्र त्या जायच्या नाहीत. परक्यांच्या नजरा नकोत म्हणून.

पाडव्याला मात्र चढाव्याच लागल्या. गल्लीतल्या खिडकीत गुढी उभारली तर समोरच्या भिंतीशिवाय कुणाला दिसणार? म्हणून ह्यांनी चांगला लांब बांबू आणला. गाठी दिल्लीत कुठल्या मिळायला, मी बत्ताशांची माळ ओवली. कडुलिंब मात्र हवा तेवढा. सासूबाईंनी आपलं जांभळं रेशमी लुगडं काढून दिलं. तांब्या पालथा घातला, पूजा झाली, हे ऑफिसला गेले. चैत्राचं वारं सुटलेलं. लुगडं असं फडफडत होतं, की सासूबाईंचाही चेहरा खुलला. "दिसतेय हो झकास," म्हणाल्या.

आम्ही खाली श्रीखंडाच्या तयारीला लागलो. उन्हं वर आली, आणि वरून हाक, "परदा कर लो!" पुन्हा हाक. मग भिंतीपलीकडून मियाँजींचा आवाज, "बहूजी! ज़रा सुनिए बहूजी!"

मी डोक्यावर पदर घेऊन वर गेले. मियाँजी आमच्याकडे पाठ करून उभे. तसेच बोलले, अगदी अदबीनं. "आपका त्योहार है, मुबारक हो. मगर ये झंडा... हमारे जानवर उतर नहीं पा रहे."

मला आधी उमगेना. मग वर पाहिलं. थवा फिरत होता. खाली यायचा, छत्रीपाशी पोचायचा, आणि लुगडं फडफडलं की भेदरून पुन्हा वर. कबुतरं उडत ठेवायची असली की मियाँजी स्वतः बांबूला चिंधी बांधून हलवायचे, ते मी रोज बघत होते. कबुतरांना शिकवलेलंच ते होतं, कापड हललं की उतरायचं नाही! आणि आम्ही तर त्यांच्या छत्रीशेजारी सबंध नऊवार हलवत ठेवलेलं. सकाळपासून बिचारी आभाळात होती. थवा खाली खाली यायला लागलेला, रांग विस्कटलेली. तीन गच्च्यांपलीकडे दुसऱ्या एका कबुतरवाल्यानं दाणे पसरून शीळ घालायला सुरुवात केली होती. थकलेलं कबूतर ज्याच्या गच्चीवर बसेल त्याचं, असा तिथला खेळ. मियाँजींचा सगळा थवा त्या दुपारी जाणार होता.

पण गुढी दिवस मावळल्याशिवाय उतरवायची नाही. आणि ती काढायची म्हणजे सासूबाईंना सांगायचं. मी जिन्यातूनच सांगितलं, भीत भीत.

"काय? कबुतरांसाठी गुढी उतरवू? वर्षाच्या पहिल्या दिवशी?"

"अहो आई, वर या. बघा तरी."

बडबडत आल्या. वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. थवा आमच्या डोक्यावरून इतक्या खालून गेला, की पंखांचा वारा लागला. एक पांढरं कबूतर मागं पडत होतं.

"अगंबाई, दमलीत की गं ही," म्हणाल्या. मग गुढीकडे वळल्या, कंबरेवर हात ठेवून. "उतरवायची नाही. पण वाऱ्यात उभी राहणारी बाई पदर मोकळा सोडते का? धर तो बांबू."

मी बांबू तिरका धरला. त्यांनी लुगड्याचा घोळ गोळा केला, चापूनचोपून काठीला लपेटला, कासोटा घालतात तसं टोक ओढून मागं घट्ट खोचलं. तोंडानं चालूच, "आम्ही काय शेतात पदर उडवत भांगलण करतो? हं. आता हल बघू!" गुढी पुन्हा सरळ झाली. तांब्या तळपत होता, कडुलिंब तेवढा हलत होता. जांभळं रेशीम गप्प.

मियाँजी अजून पाठमोरेच. आम्ही दोघी गच्चीवर, म्हणून ते वळेनात. हातातली बाजरी भांड्यात खुळखुळवत नुसते "आऽ, आऽ" म्हणत होते. त्यांची नजर समोरच्या आभाळावर, आणि थवा त्यांच्या मागे, आमच्याकडच्या बाजूला.

एक फेरी गेली. दुसरी. मग पुढचं निळं कबूतर छत्रीवर टेकलं.

आणि मग आभाळच खाली आलं, दुसरं काय म्हणू? छत्रीवर, भिंतीवर, आमच्या खाटेवर, वाळत घातलेल्या चादरींवर. छत्रीवर मावेनात तेव्हा सासूबाईंच्या पायाशी. त्या एक पाय उचललेला तसाच धरून उभ्या, खाली टेकवायची भीती. चोची उघड्या, छात्या धपापणाऱ्या. इतक्या जवळून त्या मानांवरचे रंग मी कधी पाहिले नव्हते. हिरवा का जांभळा, ठरवेपर्यंत बदलायचा.

पाठमोऱ्या मियाँजींनी मान खाली घातली होती. नुसते पंख ऐकत होते. "सब आ गए, बहूजी?" हळूच विचारलं.

ते मागं पडलेलं पांढरं दिसत नव्हतं. मी घुमटांकडे, विजेच्या तारांकडे, सगळीकडे बघितलं. मग ते आलं, एकटंच, वेडंवाकडं, आणि बसलं कुठं म्हणाल? थेट गुढीच्या तांब्यावर.

मी सासूबाईंकडे पाहिलं. आता हाकलतात, वाटलं. त्यांनी हात जोडले होते.

मग डोक्यावरचा पदर नीट केला आणि चक्क मराठीत, साताऱ्याच्या खड्या आवाजात म्हणाल्या, "अहो भाऊ, तोंड फिरवा की इकडं! तुमची लेकरं आलीत, बघा तरी."

शब्द मियाँजींना कळले असतील का, देव जाणे. पण ते वळले.