तीस खुर्च्या

पेंटरला सगळे पेंटरच म्हणत. रागावली की त्याची सख्खी बहीणसुद्धा. आधी त्याने दुकानांच्या पाट्या रंगवल्या, आणि गेली पंधरा वर्षं दुकानांबरोबर मोर्चांचे फलकही. राजधानीतल्या त्या बड्या माणसाच्या नावाने शंख करायचा ठरला, की मास्तर कापड घेऊन दुकानात हजर. मास्तर म्हणजे निवृत्त शिक्षक आणि वस्तीतल्या सगळ्या मोर्चांचे पुढारी. सकाळच्या चहाबरोबर बड्या माणसाला चार शिव्या घातल्या नाहीत तर त्यांचा चहा पचत नसे. पेंटरही त्यात मनापासून सामील होता. त्याची चीड खोटी नव्हती, एवढं त्याच्या बाजूने सांगून ठेवतो, कारण पुढे त्याच्या बाजूने सांगण्यासारखं फार नाही.

त्याची काम करण्याची एक रीत होती. मजकुराचा कागद समोर टाचायचा, पेन्सिलीने अक्षरं मोजून जागा आखायची, मग ब्रश भरून आधी सगळ्या आडव्या रेघा, नंतर सगळे उभे दंड, मग गोलाई, शेवटी काने-वेलांट्या. त्यामुळे रंग एकसारखा बसे आणि वेळ वाचे. मात्र असं काम करताना माणूस शब्द वाचत नाही. पेंटरने हजारो पाट्या रंगवल्या आणि त्यातली एकही वाचली नव्हती.

वॉर्ड ऑफिसच्या जाहीर सूचनाही तोच रंगवी. कायद्याने त्या ऑफिसच्या भिंतीवर लावाव्या लागत, आणि ती भिंत अशा बोळात होती की तिच्यापुढे कायम कचऱ्याची गाडी उभी. अशीच एक सूचना त्याने एका सकाळी रंगवून दिली. दंड सरळ आले म्हणून स्वतःवर खूश झाला आणि घरी गेला.

घरी ताई होती. त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी, लग्न न केलेली, जिभेला धार असलेली. तिला शुगर होती आणि डाव्या पायाला न भरणारी जखम. एक दिवसाआड ती दोन गल्ल्या चालून सरकारी दवाखान्यात ड्रेसिंग करून येई. तिथल्या नर्सशी भांडणं हा तिचा विरंगुळा होता. जखम हळूहळू का होईना, भरत आली होती.

महिन्याभराने मोठा मोर्चा निघाला. पेंटरने साठ फलक रंगवले, झोपेचं खोबरं केलं. सगळी वस्ती रस्त्यावर होती. मास्तरांचा आवाज बसला. बडा माणूस त्या दिवशी परदेशात होता म्हणे. त्याला कळलंही नसेल.

पुढच्या आठवड्यात ताई दवाखान्याच्या दारातून परत आली. दाराला कुलूप होतं.

पेंटर तणतणत वॉर्ड ऑफिसात गेला. "कुणाला विचारून बंद केलात?"

कारकून वाईट माणूस नव्हता. त्याने फाइल काढून समोर ठेवली. "सगळ्यांना विचारलं, पेंटर. तीस दिवसांत लेखी हरकत घ्या म्हटलं होतं. सुनावणी ठेवली. मी हॉलमध्ये तीस खुर्च्या मांडून दीड तास बसलो. कोणी आलं नाही. मग 'हरकत नाही' असा शेरा मारला."

"कधी होती सुनावणी?"

"तुमच्या मोर्चाच्या दिवशी."

"आणि आम्हाला कळणार कसं?"

कारकुनाने त्याच्याकडे नीट पाहिलं. "बोर्ड तुम्हीच रंगवलात की."

पेंटर बोळात गेला. कचऱ्याच्या गाडीमागे अंग चोरून शिरला आणि स्वतःच्या हाताने रंगवलेली सूचना पहिल्यांदा वाचली. दंड खरोखर सरळ होते. त्याला स्वतःची अशी किळस आली की तिथेच थुंकला.

आता मोठ्या हॉस्पिटलात जायला दोन बस बदलाव्या लागत. ताईच्या फेऱ्या चुकू लागल्या. जखम चिघळली. डॉक्टरांनी पायाची दोन बोटं काढली.

घरी आणल्यावर तिने विचारलं, "मोर्चाला किती माणसं होती म्हणालास?"

"पाच हजार तरी असतील."

"आणि हरकती किती लागत होत्या?"

हे त्याने कारकुनाला विचारलं होतं, आणि विचारलं नसतं तर बरं झालं असतं. "एक," तो म्हणाला. "एक जरी आली असती तरी पुन्हा चौकशी करावी लागली असती."

ताईने पांघरूण ओढून भिंतीकडे तोंड केलं. तिने बोललेलं त्याला परवडलं असतं.

दोन महिन्यांनी नवी सूचना रंगवायला आली. पेंटरने ब्रश बाजूला ठेवून आधी कागद वाचला. दवाखान्याची जागा गाळे बांधायला द्यायची होती. हरकतींना तीस दिवस, आणि तिसाव्या दिवशी सुनावणी. एकदा गाळे उभे राहिले की दवाखाना कायमचा गेला. तो कागद घेऊन तडक मास्तरांकडे गेला.

मास्तरांनी चष्मा वर केला. "त्या दिवशी आपली राजधानीवर धडक आहे. आणि पेंटर, अशा किरकोळ गोष्टींत ताकद वाया घालवायची नाही. मुळावर घाव घालायचा."

"ताईची बोटं किरकोळ आहेत?"

"तसं नाही रे. पण सगळ्याला जबाबदार कोण? तोच ना, वर बसलेला?"

"कुलूप त्याने नाही लावलं, मास्तर. कुलूप लागताना आपण तिथे नव्हतो."

"तू दमलायस," मास्तर मायेने म्हणाले. "धडकेला चाळीस फलक लागतील."

हा माणूस वाईट असता तर निदान भांडता आलं असतं. सोळा वर्षांपूर्वी हाच दवाखाना मागायला मास्तर याच ऑफिसच्या पायरीवर चार दिवस उपाशी बसले होते, आणि ते त्यांनाच आठवत नव्हतं. पेंटरने कापड घेतलं नाही.

हरकतीचा अर्ज त्याने घरी बसून लिहिला. एकेक शब्द, डावीकडून उजवीकडे. खाली सही करायला ताईने कागद ओढून घेतला.

सुनावणीच्या दिवशी पाच बस भरून लोक राजधानीला गेले. हॉलमध्ये कारकुनाने नेहमीप्रमाणे तीस खुर्च्या मांडल्या होत्या. पेंटर ताईला धरून धरून आत घेऊन आला. ती दारातच थांबली आणि रांगांवरून नजर फिरवली.

"बाकीचे यायचेत?" कारकुनाने विचारलं.

"नाही," पेंटर म्हणाला.

ताई पहिल्या रांगेत बसली. समोरची खुर्ची तिने काठीने ओढली आणि बँडेज बांधलेला पाय उचलून तिच्यावर ठेवला.

"ठेवू द्या," ती कारकुनाला म्हणाली. "इथे कोणी बसायला येत नाही."