भाताच्या खोलीतला स्टुडिओ

भगीरथ माझा धाकटा भाऊ. सख्खा. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आता शहापुरात त्याचं नाव निघालं की कोणी ना कोणी बोलतोच, "अरे, तो आमच्यातलाच." तो कोणाच्यातला नाय. तो माझा भाऊ. आईबापाच्या खालोखाल त्याच्यावर हक्क कोणाचा असेल तर माझा.

मी सातवी शिकलो. जीप चालवतो, शहापूर-किन्हवली-सरळगाव. लिहिणं माझं काम नाय. पण भगीरथबद्दल दुसऱ्या कोणी लिहिलं तर कमी लिहील, म्हणून मीच बसलो.

तो दहावीला गणितात गचकला आणि किन्हवलीच्या मंडपवाल्याकडं लागला. लग्नात भोंगे बांधायचे, वायरी ओढायच्या, मशिनीवर बसायचं. हे त्र्याण्णव-चौऱ्याण्णवचं सांगतो. आमच्याकडं लगीन धवलारीण लावते. धवलारीण म्हणजे मंडपात बसून धवले गाणारी बाई. एकेका देवाला नाव घेऊन बोलवते, मंग हळद, मंग लगीन. भोंगे आले तशी ह्या बायांची पंचाईत झाली. बाई कोपऱ्यात गाते आणि वर भोंगा बोंबलतो, कोणाला काय ऐकायला जातंय? एका लग्नात भगीरथनं भोंगा बंद केला, माईक काढून धवलारणीपुढं ठेवला आणि कोरी कॅसेट भरायला लावली. नवऱ्याचा मामा धावून आला. भगीरथ बोलला, "मामा, गाणी उद्या पण वाजतील. ही बाई उद्या दुसऱ्या मंडपात असेल." मामा गप बसला. अख्ख्या किन्हवलीत त्या मामाला गप बसवणारा दुसरा कोणी जन्मला नव्हता.

तिथनं त्याला नाद लागला. दोन कॅसेटींचा डेक घेतला. हळदीची गाणी, धवले, गौरीची गाणी भरायचा आणि कॉप्या काढून द्यायचा. पण कॉपीची कॉपी काढली की आवाज मागं जातो आणि सूंऽऽ असा पुढं येतो. म्हणून दोन हजार चार साली त्यानं कॉम्प्युटर जोडून आणला. आमच्या पाड्यात पहिला. तालुक्यात पहिला असं मी बोलत होतो, पण भगीरथ बोलला, "दादा, शहापुरात हायेत चिकार." असतील. पण गाणी भरायला आणलेला नसेल कोणी.

आता खोली. त्यानं घरात सगळीकडं टाळ्या वाजवून बघितलं. ओटीवर, स्वयंपाकघरात, माळ्यावर. शेवटी मागची भाताची खोली पसंत केली. तिथं भात साठवायच्या आमच्या दोन कणग्या आणि वर्षाच्या भाताच्या गोणी भिंतीला लावून असायच्या. मधे दोन माणसं बसतील एवढी जागा.

"हिच्यात आवाज फिरत नाय," भगीरथ बोलला. "मातीची जाड भिंत हाय ना."

बापूस बोलला, "फिरल कसा? माणसाला फिरायला जागा नाय तिथं."

कॉम्प्युटरचा पंखा घरघरतो म्हणून कॉम्प्युटर स्वयंपाकघरात, आणि वायर खिडकीतनं आत. झाला स्टुडिओ.

राहिला माईक. मंडपाचा जुना होता, त्याच्यात आवाज नाकातनं यायचा. आमी दोघं कल्याणला गेलो, तो सामान घ्यायचा त्या शेठकडं. शेठनं दोन काढले. एक हातात धरायचा, जाड, वर लोखंडी जाळी. दुसरा डबीत कापूस घालून ठेवलेला, त्याला आवाजाच्या मिक्सरमधनं वेगळा करंट द्यायला लागतो. त्याला कंडेन्सर बोलतात.

"ये स्टेज के लिए, ये स्टुडिओ के लिए," शेठ बोलला. "इसमें मच्छर भी गाएगा तो सुनाई देगा."

मी जाळीवाला उचलून बघितला. वजनदार. बोललो, "हाच घे. पडला तरी काय होणार नाय."

"दादा, त्याच्यावर जीपच्या शिटा बसवायच्यात का तुला?" भगीरथ बोलला. मंग शेठला बोलला, "शेठ, दुकानात सगळंच चांगलं वाजतं. दोन्ही घरी नेतो. सोमवारी एक परत आणतो."

शेठनं दिले. तसा तो बापाला पण देत नसेल.

घाई होती ती काशीमावशीमुळं. काशीमावशी सापगावच्या अंगाला राहते, माहेर मुरबाडकडं, सिद्धगडाच्या खाली. धवले तिकडनं घेऊन आलेली. दुसऱ्या धवलारणी अडल्या की हिला विचारतात, ही कोणाला विचारत नाय. मागं कोण मुंबईची माणसं येऊन तिचा आवाज भरून गेली होती. तिला ऐकवला तर बोलली, "ही पत्र्याच्या डब्यातली बाई कोण?" तेव्हापासनं ती माईक बघितला की तोंड मिटायची. भगीरथ वर्षभर तिच्या दारात जाऊन बसला. शेवटी तयार झाली, पण कशी?

"रविवारी येते. एकदाच. आवाज माझा आला तर ठेव. नाय आला तर माझ्यादेखत पुसायचा."

"पुसतो."

"आईची शप्पथ घे."

घेतली. म्हणजे चुकीचा माईक ठेवला की वर्षभराची मेहनत गेली, आणि ती बाई परत काय आली नसती.

मंगळवारी त्यानं जाळीवाला लावला आणि आईसला आत बसवून दळणाची ओवी गायला लावली. आवाज गोड आला. जरा गुळगुळीत, पण गोड. बुधवारी सरकारी खरेदी केंद्रावर बापसाचा नंबर लागला म्हणून आमचं भात तिकडं गेलं. गोणी गेल्या, कणग्या पण रिकाम्या करून, सारवायला म्हणून बाहेर काढल्या. गुरुवारी भगीरथनं कंडेन्सर लावला. तीच आईस, तीच ओवी. आवाज आला तो विहिरीत उतरून गायल्यासारखा. वर कोंबडा, बापसाचा खोकला आणि शेजारची गिरणी.

भगीरथचं तोंड उतरलं. कंडेन्सर परत कापसात घालून डबी बंद केली. मी बोललो, "मी काय बोललो होतो?"

शनिवारी उद्याची तयारी म्हणून जाळीवाला परत लावला. तर तो पण विहिरीत.

"ह्याला काय झालं आता?" मी बोललो. "मंगळवारी तर बरा होता."

भगीरथ खोलीच्या मधे उभा राहिला आणि एक टाळी वाजवली. मंग दुसरी. भिंतीकडं बघत बसला. एकदम हसायला लागला.

"दादा, माईक नाय बदलला. खोली बदललीय. आवाज मातीची भिंत नव्हती खात. आपलं भात खात होतं."

शहरातला इंजिनियर असता तर हे त्याला सुचलं नसतं, कारण त्याच्या खोलीतनं भात कधी जातच नाय. एक माईक भरल्या खोलीत तपासला, दुसरा रिकाम्या खोलीत, आणि दोष बिचाऱ्या माईकाला. चूक कळली ती त्याची त्याला कळली, कोणाला विचारायला गेला नाय.

आता भात गेलेलं. आधी उडवीवरचा पेंढा आणून भिंतीला रचला. कंडेन्सरमध्ये पेंढा नुसता कुरकुरायला लागला, आतले किडे सुद्धा ऐकू आले. शेठ खरं बोलला होता. पेंढा बाहेर टाकला. मंग आमी सुदामकडं गेलो. सुदाम आमचा शेजारी. त्याचं भात अजून घरात होतं, त्याचा नंबर सोमवारी.

"तुझ्या गोणी एक दिवस आमच्या घरात ठेवायच्यात," मी बोललो.

"का? तुमच्या घरातल्या उंदरांचा उपास हाय?"

"माईकाला पायजेत."

"ऐका गो!" सुदामनं बायकोला हाक मारली. "भगीरथचा माईक भात जेवतो."

"जेवत नाय रे, नुसतं बाजूला बसायला लागतं त्याला," भगीरथ बोलला. "सोमवारी सकाळी तशाच्या तशा परत."

"सोमवारी टेम्पो सातला येणार. माझा नंबर चुकला तर तुझा कॉम्प्युटर काट्यावर ठेवीन."

बोलला खरा, पण पहिली गोणी त्यानंच पाठीवर घेतली.

रविवारी मी स्वतः सापगावला जाऊन काशीमावशीला जीपमध्ये पुढच्या शिटवर बसवून आणली. लाईट गेलेली, रविवारची जायचीच. मंग जीप मागच्या दाराला लावली, इन्व्हर्टर जोडला आणि तिच्या बॅटरीवर सगळं चालवलं. म्हणजे त्या दिवशी काशीमावशीचा आवाज माझ्या जीपनं भरला, हे कोणी सांगत नाय.

मावशी खोलीत आली. गोणी बघितल्या.

"मंडप कुठाय?"

भगीरथनं उंबराचा डहाळा तांब्यात घालून ठेवला होता, तांदळाचा चौक भरला होता. तो दाखवला.

"नि लगीन कोणाचं?"

सुदाम दारात उभाच होता. "भगीरथचं लाव, मावशी. नवरी गोणीत हाय."

"तू गप रे. देवांना नुसतं बोलवायचं नसतं. बोलवून काम नाय दिलं तर घरच्यांना धरतात." तिनं कनवटीची पिशवी सोडली, दोन सुपाऱ्या काढून चौकावर ठेवल्या. "ह्यांचं लावते."

भगीरथनं दोन्ही माईक जवळ जवळ बांधले, तोंडाला तोंड लावून. एक डाव्या बाजूला भरणार, एक उजव्या. एकच बाई, एकच खोली, एकच धवला. आता कोणाला तक्रारीला जागा नाय.

मावशी गायली. मी बाहेर बॅटरीपाशी होतो, तरी गावदेवाचं नाव घेतलं तेव्हा हात आपोआप कपाळाला गेला.

संपल्यावर भगीरथनं तिला कानाला लावायचे हेडफोन दिले. आधी जाळीवाला ऐकवला. मावशी मान हलवत होती.

"ही लहानी का?" लहानी म्हणजे तिच्या मागं बसून, तिच्या ओळी परत म्हणत धवला झेलणारी तिची सून. "बरी गाते. मी नाय ही."

मंग कंडेन्सर. मावशीची मान थांबली. तिनं पदर तोंडाला लावला. मला एक कान दिला तेव्हा मी पण ऐकलं. बांगड्या हलल्या त्या ऐकू येतात. पुढचा दात पडलाय तिथनं वारा जातो तो ऐकू येतो. आणि नवरीच्या बापाची ओळ हाय, लांब, तिथं मावशीचा दम पुरला नाय. ओळ अर्धी सोडून ती पुढं गेली. गाताना आमच्या कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"हीच मी," मावशी बोलली.

भगीरथ माझ्याकडं बघून हसला. जाळीवाला त्यानं तिथल्या तिथं सोडवून बाजूला ठेवला.

मावशीनं ती ओळ परत लावायला सांगितली. मंग परत.

"दम तुटतो हिचा."

"थोडा. मावशी, कॉम्प्युटरवर ती ओळ कापून जोडतो, कोणाला कळणार नाय."

"देवांना?"



"ठेवू का मग असंच?" भगीरथनं विचारलं.

"कापू नको, ठेवू पण नको. सकाळी सांगते."

मी तिला सापगावला सोडायला गेलो. वाटेत मी चिकार बोललो. माझ्या जीपमध्ये गप बसणारं पॅसेंजर मी बघितलं नाय, पण मावशी उतरेपर्यंत एक शब्द बोलली नाय.

सकाळी सातच्या आधीच सुदामचा टेम्पो आमच्या दारात. सुदाम आणि मी गोणी काढत होतो, अर्ध्या निघाल्या होत्या. तेवढ्यात पहिल्या एसटीनं उतरून काशीमावशी चालत आली. मागं लहानी.

"गोणी कशाला काढता?" मावशी लांबनंच ओरडली. "काल ओळ तुटली म्हणजे लगीन अर्धं राहिलं. देव अजून आत बसलेत नि तुमी त्यांच्या अंगावरनं भात ओढताय!"

सुदाम बोलला, "मावशी, माझा नंबर हाय केंद्रावर."

"देवांचा आधी लागलाय."

भगीरथ बाहेर आला. मावशी त्याला बोलली, "कालचं पूस."

"मावशी, आज दुसरं भरतो. कालचं राहू दे."

"अर्धं लगीन घरात ठेवतात काय रे?"

माझा भाऊ रडत नाय. नुसता स्वयंपाकघरात गेला, मावशीला बाजूला उभी केली, आणि तिच्यादेखत पुसलं. लोक बोलतात की त्यानं मागनं कॉपी ठेवली असेल. नाय ठेवली. मी दारात उभा होतो.

मंग गोणी परत आत गेल्या. सुदाम प्रत्येक गोणीला आमच्या घराण्याला शिवी देत होता, पण नीट रचत होता. टेम्पोवाल्यानं इंजिन बंद केलं, तरी भगीरथनं त्याला सांगितलं, टेम्पो ढकलून कोपऱ्यापर्यंत ने, गरम इंजिन टिकटिक वाजतंय. आमी ढकलला.

मावशी आणि लहानी चौकापुढं बसल्या. पहिल्या देवापासनं परत सुरू केलं. नवरीच्या बापाची ओळ आली, मावशीचा दम तुटला तिथंच परत तुटला, आणि लहानीनं मागनं ओळ उचलून पुढं नेली. मावशी डोळे मिटून बसली होती. ओळ संपली तशी तिनं लहानीच्या मांडीवर हात ठेवला आणि पुढची ओळ धरली. सुदाम माझ्या बाजूला पायरीवर बसून ऐकत होता. त्याचा नंबर तोवर गेला होता.