फेट्यातलं लिंबू

मोताळ्याच्या आठवडी बाजारात परवा कोणीतरी लिंबू चिरलं आणि त्या वासाने मला शाळेचं सभागृह आठवलं. जहागीरदारांच्या मुलांसाठी पुण्याजवळ काढलेल्या त्या निवासी शाळेत जादूचा वर्ग होता. मी तिथे शिष्यवृत्तीवर गेलेला. माझे बाबा याच बाजारात जादूचे खेळ करायचे, त्यामुळे सर जे वर्षभर शिकवत ते माझ्या हातांना आधीच येत होतं.

तालमीत मी लिंबू गायब केलं आणि म्हणालो, "पाहा न सर, तुमचा खिसा काऊन फुगून राह्यला?" लिंबू निघायच्या आधीच वर्ग हसला. तिथे सगळे 'काऊन'ऐवजी 'का' म्हणत. सर म्हणाले, "हात तुझे राहू देत. बोलेल विक्रमसिंह."

स्नेहसंमेलनात मी मुक्याने पाहुण्यांच्या फेट्यातून लिंबू काढलं. शेजारी जहागीरदाराघरचा विक्रमसिंह शुद्ध भाषेत बोलत होता. टाळ्या त्याला मिळाल्या, ढालही त्यालाच. मंच तरी मिळाला, असं मला तेव्हा वाटलं.

बाबा मागच्या रांगेत होते. बाजारात गर्दी थांबायची ती त्यांच्या बोलण्यावर; हात नंतर. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "काऊन बे, मुका झाला का तू?"

"तसं काही नाही, बाबा. तसंच ठरलं होतं," मी म्हणालो, अगदी विक्रमसिंहसारखं.

बाबांनी पिशवी उचलली. "बरं, साहेब," ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी मला कधी ते आपलेपणाचं 'बे' म्हटलं नाही.